झिपरीचे पहिले पिल्लू

“पिल्लं आली का?” ताईने फोनवर एवढेच विचारले.

मी कामाला होतो त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला तो फोन ग्रंथपालांच्या टेबलावर होता. ग्रंथपाल फाटक्या मासिकांना डिंक लावत होते, आणि माझा फोन आला की त्यांचा हात नेहमी मंदावत असे. मी त्यांच्याकडे पाठ केली.

“अजून नाही, ताई.”

“मागच्या थंडीत नाही, या थंडीतही नाही?”

“थंडी आत्ता कुठे पडतेय.”

“हे बघ अच्युत, यांची बदली नक्की झाली. मार्चअखेर आम्ही चंद्रपूरला जाणार. तिथून काही मी परत परत येणार नाही. मला त्या घरातलं काही नको. आईच्या साड्या नकोत, भांडी नकोत. पहिलं पिल्लू मला द्यायचं आई म्हणाली होती, तेवढं दे.”

“तू एकदा येऊन बघ ना. कदाचित तुला काही सुचेल.”

“आलं की कळव. दारातून घेऊन जाईन.”

ताई सांगलीत राहत होती आणि आम्ही, म्हणजे तात्या आणि मी, मिरजेत. बसने अर्ध्या तासाचे अंतर. पण आईच्या तेराव्याला सुनेत्राताई आमच्या वडिलांना एक वाक्य बोलली, चपला घालून निघून गेली, आणि त्यानंतर चौदा महिन्यांत तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. मी त्या वेळी तिथेच उभा होतो. काही बोलावे असे फार वाटले होते. पण बोलणे माझ्या ओठांशी येऊन परतायचे. लहानपणापासून ते तसेच होते.

झिपरी हे आईने एका झाडाला ठेवलेले नाव. लांब, अरुंद, मधोमध पांढरा पट्टा असलेली पाने चहूकडून खाली लोंबत, न विंचरलेल्या केसांसारखी. स्पायडर प्लांट म्हणतात त्याला. जाण्यापूर्वी तीन महिने, हुबळीहून परतताना, आईने ते स्टेशनवरच्या कुंडीतून बोटभर उपटून आणले होते. गाडी हलत होती, तात्या दारातून ओरडत होते, “अगं, ए, चोरी आहे ती!” आणि आई पदराआड मूठ लपवून डब्यात चढत म्हणाली होती, “मागून आणलेलं रोप मरतं, चोरलेलं जगतं. तुम्हाला काय कळतंय!” खिडकीच्या गजाला टांगलेल्या कुंडीत ते खरोखरच जगले. याला लांब दांड्या फुटतात, दांड्यांच्या टोकांना पिल्ले लोंबतात, हे तिला कुणीतरी सांगितले होते. पहिले पिल्लू सुनेत्राला, असे तिने आधीच ठरवून टाकले. मग भाद्रपदात, कसलेही दुखणे नसताना, एका रात्री झोपेतच ती गेली.

झाड पुष्कळ वाढले, दाट झाले. पण दांडी म्हणून एक फुटली नाही.

ताईच्या फोननंतर आम्ही दोघे त्या झाडाच्या मागे लागलो. तात्या सकाळी तांदळाचे धुवण घालत. एकदा त्यांनी पातळ ताक घातले आणि खोलीभर चार दिवस आंबूस वास राहिला. आम्ही एकमेकांशी बोलत होतो ते बहुतेक झाडाविषयीच.

“पान पिवळं पडलंय एक.”

“हो.”

“काढू का?”

“काढा.”

संपले. मग भांड्यांचा आवाज, मग रेडिओ.

महाविद्यालयाच्या बागेचे काम नेमिनाथ चौगुले पाहत. साठीचा माणूस, कानात वाळूच्या रंगाचा मोती, आणि तोंड अखंड चालू. मी पुस्तकांच्या पार्सलांमागे लपून जेवायला बसे, ती जागा त्यांच्या रोपांच्या पडवीला लागूनच होती.

“काय पुस्तकवाले, पोरं झाली का झाडाला?” त्यांनी लांबूनच विचारले.

“नाही ना. तुम्ही सांगितलंत म्हणून कुंडी लहान ठेवली. मुळं आता खालून बाहेर येताहेत.”

“ते बेस केलंसा. मुळ्या कोंडल्या की सुटतंय ते. पाणी?”

“बेताचं.”

“ऊन?”

“सकाळचं, कोवळं.”

नेमिनाथांनी खुरपे ठेवले. “मग अडलंय कुठं? रात्री कुठं असतंय?”

“तिथेच. बाहेरच्या खोलीत.”

“दिवा?”

“असतो.”

“कितीपर्यंत?”

मी घुटमळलो. “उजाडेपर्यंत.”

ते गुडघ्यावर हात मारून हसले. “अहो मग झालं की! तुमच्या घरात बारा महिने उन्हाळाच हाय. ह्या झाडाला रात्र लांब लागती. दिवस लहान झाल्याचं त्याला कळाय पायजे, तवा कुठं ते पोराबाळांचं बघतंय. तिन्हीसांजेपासनं उजाडेपर्यंत सलग काळोख, तीन-चार आठवडे. मधी एकदा जरी दिवा पडला, तर केलेलं वाया.” मग त्यांनी सहजच विचारले, “एवढा रात्रभर दिवा कुणाला लागतोय?”

मी डबा बंद केला.

आमच्या घराला खोल्या दोन. आतल्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तात्यांचा पलंग, समोरच्या भिंतीशी माझे अंथरूण, आणि वर तो लांबट पांढरा दिवा. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो रात्रभर जळत होता. तात्यांनी का ते सांगितले नाही, मी विचारले नाही. डोळ्यांवर पंचा ओढून झोपायला मी शिकून घेतले होते. झाड आत न्यावे, तर तात्यांनी एकदा स्पष्ट बजावले होते, “तिनं टांगलंय तिथंच राहू दे.” दिवा बंद करा, हे तर मी जन्मात म्हणू शकलो नसतो.

तेव्हा मी एक मार्ग काढला. ग्रंथालयात पुस्तके आली होती त्यातले एक मोठे पुठ्ठ्याचे खोके घरी आणले आणि संध्याकाळ होताच कुंडी गजावरून उतरवून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, वर खोके पालथे घातले.

तात्या पलंगावर बसून पाहत होते.

“हे काय?”

“थंडी लागते तिला.”

“थंडी?”

“हो. पिल्लं येत नाहीत त्याने. सकाळी काढीन.”

 मग “हं” म्हणून त्यांनी तोंड फिरवले. मला फार हुशारी केल्यासारखे वाटले होते. खरे कारण सांगितले असते तर दिव्याचा विषय निघाला असता. तो न काढता काम झाले होते.

रोज संध्याकाळी खोके घालायचे, रोज सकाळी काढायचे. दिवस मोजत होतो. चौदा झाले, वीस झाले. पानांच्या बुडाशी बोट घालून चाचपून पाहत असे. काही नाही. बाविसाव्या सकाळी खोके उचलले तेव्हा पानांत एक पतंग मरून पडलेला दिसला. भुरकट, चांगला बोटाच्या पेराएवढा.

मी तो तळहातावर घेतला. पतंग दिव्यावर येतो. काळोख्या खोक्यात, कट्ट्याला चिकटून पालथ्या घातलेल्या खोक्यात, तो कशाला शिरेल?

तात्या चहा गाळत होते. मी आत गेलो. एरवी मी तसाच उभा राहून परतलो असतो. पण त्या सकाळी हातात तो पतंग होता आणि तो कुठे टाकावा हेही सुचत नव्हते.

“तात्या, रात्री तुम्ही खोकं काढता का?”

गाळणीतून थेंब पडत होते. ते सगळे पडून झाल्यावर त्यांनी गाळणी बाजूला ठेवली.

“काढतो.”

“रोज?”

“तू झोपलास की काढतो. पहाटे परत घालतो.”

“पण का?”

“मला बघवत नाही ते झाकलेलं.” त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. “उशाशी असतं माझ्या. नाही बघवत. आणि मिरजेत कसली रे थंडी? तुला खरं सांगायचं नव्हतं, म्हणून मीही काही विचारलं नाही.”

बावीस दिवस एकाने झाकले होते आणि दुसऱ्याने उघडले होते, आणि दोघेही एकमेकांना दुखवू नये म्हणून गप्प होतो. मी खाली बसलो आणि जमिनीकडे पाहत नेमिनाथांनी सांगितले होते ते सगळे सांगून टाकले. लांब रात्र, सलग काळोख, तीन-चार आठवडे. ताई चंद्रपूरला जाणार हे मी आधी सांगितले होते. ती फक्त पिल्लू मागते आणि तेही दारातून, हे आज सांगितले.

“मग पहिल्याच दिवशी का नाही बोललास?”

“दिवा तुम्हाला लागतो.”

तात्यांनी चहा प्यायला नाही. ते पाटबंधारे खात्यात होते, धरणावर पाणी मोजायला. त्यांचा आवाज मुळातच बारीक; पुराच्या आवाजावर ओरडून ओरडून तो तसा झाला, असे आई म्हणत असे.

“तीस पावसाळे काढले मी धरणावर,” ते म्हणाले. “पूर आला की तासातासाला पट्टीवरचं पाणी वाचायचं आणि खाली कळवायचं. तीन-तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. एक तास कधी चुकला नाही माझ्याकडून. आणि ती शेजारी होती, हातभर अंतरावर. तिनं हाक मारली असेल, नसेल, मला ठाऊक नाही. सकाळी चहाला उठवायला गेलो, तेव्हा कळलं.” त्यांनी कपाचा कान बोटाने फिरवला. “सुनेत्रा काय म्हणाली ते ऐकलंस ना तू?”

मी ऐकले होते. ‘शेजारी माझी आई मरत होती आणि तुम्ही घोरत होतात.’

“ती रागात बोलली, तात्या.”

“खोटं कुठे बोलली?” ते म्हणाले. “काळोख होता. दिवा असता तर कूस बदलताना निदान चेहरा दिसला असता.”

मला वाटत आले होते की ते आईसाठी दिवा लावतात. रिकाम्या जागेकडे पाहत पडून राहतात. मी तसे काहीसे म्हणालोही असेन. तात्यांनी नकारार्थी मान हलवली.

“तिच्यासाठी आता काय लावायचा? तुझ्यासाठी असतो. छाती हलते की नाही ते बघतो. तू तो पंचा घेतोस तोंडावर, मग दोनदा उठून जवळ यावं लागतं.”

चौदा महिने. मी पंचाखाली अंग चोरून, उजेडावर मनातल्या मनात चिडून झोपत आलो होतो. आणि हा सत्तरीला टेकलेला माणूस पलंगावरून उतरून माझ्या तोंडावर वाकत होता, आणि पुन्हा जाऊन बसत होता. आज इतक्या वर्षांनी ते आठवले की मला त्यांची उतरतानाची पावले ऐकू येतात. तेव्हा एकदाही आली नव्हती.

त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. संध्याकाळी देवापाशी निरांजन लावले, ते जळून शांत झाले. खोके मी मोडून माळ्यावर टाकले आणि कुंडी पुन्हा गजाला टांगली. माझे अंथरूण उचलून तात्यांच्या पलंगाला लागून घातले. ते दिव्याच्या बटणापाशी उभे होते.

“मी करू?” मी विचारले.

“नको. मीच करतो.”

दिवा गेला. पहिला काही वेळ काहीच दिसले नाही. मग खिडकी दिसू लागली आणि तिच्यात झाडाचा काळा झुबका.

“अच्युत.”

“हं.”

“आहेस?”

“आहे.”

थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्या रात्री त्यांनी किती वेळा विचारले ते सांगता येणार नाही. मी प्रत्येक वेळी उत्तर दिले. कधी झोपेच्या काठावरून, कधी उठून बसून. मग आपोआप बोलणे वाढले. मी त्यांना धरणावरच्या पुरांविषयी विचारले. त्यांनी मला, चौदा महिन्यांत पहिल्यांदा, आईविषयी सांगितले. न दिसणाऱ्या माणसाशी बोलणे मला सोपे जात होते, हे मला तेव्हा कळले. मार्गशीर्ष संपता संपता विचारणे एकावर आले. एका सकाळी तात्या ओशाळून म्हणाले, “रात्री विचारायचं राहूनच गेलं रे.”

आणि पौषात, संक्रांतीला चार दिवस असताना, पानांच्या गर्दीतून एक फिकट, गुळगुळीत देठ बाहेर डोकावला. पान नव्हते ते. तात्यांनी जुनी लाकडी पट्टी शोधून काढली आणि रोज सकाळी, धरणावर वाचत तसे, मोठ्याने वाचू लागले. “दोन बोटं!” “अर्धी वीत!” “आज थांबलंय... नाही, चढतंय, चढतंय!” दांडी वाकली, तिला पांढरी चिमुकली फुले आली, आणि फुलांच्या जागी चार पानांचा एक तुरा बसला.

मी ताईला फोन केला. ग्रंथपालांचा डिंकाचा हात थांबला. या वेळी मी पाठ केली नाही.

“आलंय, ताई.”

“खरंच?” तिचा श्वास ऐकू आला. “मग इतके दिवस का नाही आलं?”

“घरात रात्रभर दिवा असायचा. तिला काळोख लागतो.”

“दिवा कशाला रात्रभर?”

“तात्या जागे असायचे.”  मग जे सांगायचे होते ते सांगितले. “माझा श्वास चालतोय का ते बघायला. आई गेल्यापासून रोज. मलाही ठाऊक नव्हतं.”

 पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज झाला. ग्रंथपालांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि पुन्हा मासिक उघडले.

त्यानंतर तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी, माघातल्या एका संध्याकाळी, ती दारात उभी राहिली. हातात एक ओला रुमाल, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. केस कपाळावर पांढरे झाले होते. तात्या पलंगावरून उठले. उठून काय करायचे हे त्यांना कळेना, म्हणून चादरीची सुरकुती काढू लागले.

“ये,” ते म्हणाले.

“उभ्या उभ्या आलेय,” ती माझ्याकडे पाहून म्हणाली. “कात्री आण. काप आणि दे.”

कात्री मी आधीच काढून ठेवली होती. पिल्लू दांडीच्या टोकाशी खिडकीत लोंबत होते, मूठभर आकाराचे, आणि त्याच्या बुडाशी मुळांचे पांढरे कोंब फुटले होते. नेमिनाथांनी शुक्रवारीच सांगितले होते, “दाण्याएवढी मुळी दिसली की खुशाल कापा, नुसत्या पाण्यात ठेवलं तरी धरतंय.” आणि त्या सकाळी तात्यांनी पट्टी लावून मला हाक मारली होती, “जोंधळ्याच्या वर गेलीय की रे मुळी!”

मी कात्री घेतली. दांडी बोटांत धरली. एक कट, मग रुमाल, मग पिशवी, मग सांगलीची बस, आणि मार्चअखेर चंद्रपूर. ती दारातच उभी होती. तात्यांची चादर आता सपाट झाली होती, तरी हात फिरतच होता.

“ताई,” मी म्हणालो, “कच्चं आहे अजून.”

“कच्चं म्हणजे?”

“मूळ धरलेलं नाही. आत्ता कापलं तर जगायचं नाही. दांडी न तोडता शेजारच्या कुंडीत मातीवर बसवायचं, तिथे रुजलं की मग कापायचं.”

 तात्यांनी झटकन वर पाहिले. पट्टीवरचा आकडा तीस वर्षे एका रेघेनेही चुकीचा न वाचलेला माणूस. त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि हळूहळू गेली.

“पंधरा दिवस तरी जातील,” ते म्हणाले. “जास्तच.”

ताई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने चपला काढल्या. आत आली, खिडकीपाशी गेली आणि पिल्लू तळहातावर घेऊन उलटे केले. मुळांचे कोंब तिच्या बोटाला लागले. तिने त्यांवरून बोट फिरवले, एकदा, दोनदा, जणू मोजत होती. मी कात्री पाठीमागे धरून उभा होतो. आईच्या हाताखाली तुळशीपासून अळूपर्यंत सगळे तिने लावले होते. मूळ म्हणजे काय हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

“हो,” ती म्हणाली. “कच्चंच आहे.”

तिने रुमाल पिळून गजावर वाळत टाकला.

“दुसरी कुंडी आहे का?”

कुंडी नव्हती. तात्यांनी घाईघाईने तुपाचा रिकामा डबा आणला. बुडाला भोके पाडताना खिळा दोनदा निसटला. परसातली माती मी भरली. ताईने अंबाड्यातला आकडा उपसला, त्याची टोके दाताने फाकवली आणि दांडीवरून मातीत रोवण्यासाठी ती वाकली. तात्या डब्याला दोन्ही हातांनी धरून तिच्या अगदी समोर उभे होते.

“फार खोल नको हं,” ते दबल्या आवाजात म्हणाले.

“ठाऊक आहे मला.” तिने मान वर केली नाही. केसांची बट डोळ्यांवर आली होती. बाहेर दिवस कलत चालला होता आणि खिडकीतून येत होता तेवढाच उजेड खोलीत होता. “तात्या, सरका ना जरा. काही दिसत नाहीये मला.”

डबा हातातून न सोडता तात्या बाजूला सरकले.